लेख फोनवरून पाठवा

(दृश्य: बर्फात बुडालेलं शिकागो, जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

शिकागो. जानेवारी 1978. रस्त्याकडेला हे जे उंचवटे दिसताहेत, त्या सगळ्या गाड्या आहेत. शहर ठप्प झालंय. आयबीएममध्ये नोकरी करणारा वॉर्ड क्रिस्टन्सन घरात अडकून पडलाय, आणि त्याच्या डोक्यात घोळतंय ते आपल्या क्लबचं वार्तापत्र.

क्लब घरी संगणक जुळवणाऱ्या हौशी मंडळींचा. नाव शिकागो एरिया कॉम्प्युटर हॉबीइस्ट्स एक्स्चेंज. आद्याक्षरं जोडून सभासद त्याला नुसतं 'कॅश' म्हणत.

(दृश्य: टेबलावर वार्तापत्रांचा गठ्ठा, पिवळे पडलेले कागद, कोपऱ्यात गंजलेली पिन)

हे कागद नीट पाहा. टाइप केलेला मजकूर, हाताने काढलेल्या सर्किटच्या आकृत्या, समासात पेनाने केलेली दुरुस्ती. त्या काळी घरी संगणक जुळवणाऱ्या माणसाला शिकायला कुठलं कॉलेज नव्हतं. तो शिकायचा या पानांवरून. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये 5 मार्च 1975 ला होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली, आणि त्याच महिन्यात फ्रेड मूरने त्यांचं वार्तापत्र काढलंसुद्धा. क्लब एकमेकांना अंक पाठवायचे, आवडलेला लेख साभार छापायचे. सॉफ्टवेअर फुकट नकलून वापरू नका, असं बिल गेट्सनी 1976 साली हौशी मंडळींना लिहिलेलं ते गाजलेलं पत्र होमब्रूच्या वार्तापत्रात आलं, तसंच इतर नियतकालिकांतही आलं. बातमी पसरायची ती याच वाटेने.

वाट लांबची होती, एवढंच. लेख पोस्टाने यायचा, संपादक तो पुन्हा टाइप करायचा, छापायचा, घड्या घालायचा, तिकिटं चिकटवायचा.

(दृश्य: डायलचा फोन, बोट आकडे फिरवतंय)

क्रिस्टन्सनने मित्राला, रँडी स्यूसला, फोन लावला. कल्पना अशी की सभासदांनी घरच्या संगणकावरून फोन करावा आणि लेख थेट वार्तापत्रासाठी जमा करावा. क्रिस्टन्सनने पुढे सांगितल्याप्रमाणे स्यूसचं म्हणणं पडलं की क्लबला यात आणू नकोस, समिती बसली की काम रखडणार. तू सॉफ्टवेअर लिही, हार्डवेअर मी बघतो.

(दृश्य: त्याच काळातला, बोर्ड खोचून जुळवायचा एस-100 प्रकारचा संगणक; झाकण उघडलेलं, बोर्ड एकेक करून बसवले जाताहेत)

आत काय होतं? 8080 प्रोसेसर. आठ इंची फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची चकती. तिच्यावर मावायचे जेमतेम 173 किलोबाइट. हेज कंपनीचा मोडेम, म्हणजे संगणक फोनच्या तारेला जोडणारं उपकरण. यंत्र ठेवलं स्यूसच्या घरी, कारण तो शहरात राहायचा आणि तिथे फोन करणं सगळ्यांना स्थानिक दरात पडायचं. ही युक्ती बघण्यासारखी आहे: फोनची घंटा वाजली की तिच्याच इशाऱ्याने संगणक पहिल्यापासून सुरू व्हायचा. मागच्या वेळी काही अडकलं असेल तरी पुढच्या माणसाला यंत्र ताजंतवानं मिळायचं. फोन करणाऱ्याने दोन-तीनदा रिटर्नची कळ दाबायची. त्यावरून प्रोग्राम ओळखायचा, समोरचा सेकंदाला 110 बिटांच्या वेगाने बोलतोय की 300 च्या.

(दृश्य: टर्मिनलवर एकेक अक्षर उमटतंय)

हा 300 चा वेग. सेकंदाला तीस अक्षरं. तीन हजार अक्षरांचं एक पान उतरायला शंभर सेकंद, आणि 110 वर तेच पान पाच मिनिटं. एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांना फोन एंगेज.

क्लबच्या बैठकीत भिंतीवर एक फळा असायचा, टाचणीने चिठ्ठ्या लावलेला. कुणाला पुढच्या सभेला यायला गाडी हवी, कुणाला काही विकायचंय. यंत्राला नाव मिळालं ते त्याच फळ्यावरून: कॉम्प्युटराइज्ड बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे संगणकावरचा सूचनाफलक; थोडक्यात सीबीबीएस. 16 फेब्रुवारी 1978 ला ती सुरू झाली. काम दोन आठवड्यांतच उरकलं होतं, पण त्यावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून दोघे एक महिना लागला असं सांगायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 'बाइट' मासिकात दोघांनी सगळी रचना लिहून काढली, कुणालाही उभारता यावी म्हणून.

पुढे देशोदेशी असे हजारो फलक उभे राहिले, मग घरोघर इंटरनेट आलं. स्यूस 2019 मध्ये गेला, क्रिस्टन्सन 2024 मध्ये.

(दृश्य: स्कॅनरची काच, त्यावर उलटं ठेवलेलं पान)

कागद मात्र अजून खोक्यांत आहेत. ते इंटरनेटवर आणायचे कसे, तेही पाहा. आधी पिन काढायची, चाकूच्या बोथट कडेने, हळूच. गंजलेली पिन ओढली की कागद फाटतो. मग पान स्कॅन करायचं, इंचाला किमान 300 ठिपके. मग सॉफ्टवेअरकडून मजकूर ओळखून घ्यायचा. गद्य बरं येतं. गोची होते ती प्रोग्रामच्या यादीत, म्हणजे अंकात ओळीने छापलेल्या त्याच्या आज्ञांत.

(दृश्य: पडद्यावर मोठी केलेली एक ओळ)

इथे शून्य आहे की इंग्रजी ओ? एक आहे की एल? बातमीत अशी चूक वाचणारा समजून घेतो. प्रोग्राममध्ये एक अक्षर चुकलं की प्रोग्राम चालत नाही. म्हणून प्रत्येक यादी माणसालाच तपासावी लागते, ओळीवर बोट ठेवून.

सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबरही या अंकांत छापलेले असायचे. ते झाकल्याशिवाय पान ऑनलाइन जाऊ नये. हक्कांचंही बघावं लागतं: अमेरिकेत 1978 च्या आधी कॉपीराइटच्या खुणेशिवाय छापलेलं लिखाण सहसा सगळ्यांसाठी खुलं आहे, 1 मार्च 1989 पासूनचं मात्र खूण असो-नसो, लेखकाचंच. तिथे परवानगी हवीच.

(दृश्य: वाचनालयातली बैठक, बहुतेक सभासद ज्येष्ठ)

असे क्लब अमेरिकेत आजही भरतात. त्यांच्या एपीसीयूजी या संघटनेमार्फत एका क्लबचा लेख बाकीच्या क्लबांच्या संपादकांपर्यंत पोहोचतो. छापताना लेखकाचं आणि मूळ क्लबचं नाव द्यायचं. पन्नास वर्षांपूर्वीची साभार देण्याची रीत, आता ईमेलवरून.

तुमच्या ओळखीत असा एखादा क्लब असेल तर खोकी कुणाकडे आहेत, ते आत्ताच विचारा. क्लब बंद पडला असेल तर शेवटच्या संपादकाच्या घरी फोन करा. माळा आवरायला काढण्याआधी.