पाठीवर पूर झेलणारा गणपती

(पहाट. कृष्णेच्या पात्रावर धुकं. घाटावर धुणं आपटल्याचा आवाज.)

वाई. पायऱ्या पायऱ्यांनी कृष्णामाईत उतरणारं गाव. घाट सात आणि घाटांच्या आळ्या आपापल्या. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड.

(ढोल्या गणपतीचं शिखर. कॅमेरा मंदिराला वळसा घालतो.)

रास्ते म्हणजे पेशव्यांचे सोयरे. त्यांच्यातल्या गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे मंदिर बांधलं. मूर्ती एकाच पाषाणातली, आणि अंगानं अशी भरलेली की लोकांनी 'ढोल्या' म्हणायचंच ठरवलं. दर्शन घेऊन माणसं समोरूनच परततात. तुम्ही जरा मागच्या बाजूला या.

(मागची भिंत, जवळून. दगडांचे सांधे.)

ही भिंत सरळ नाही. दोन्ही अंगांनी तिरकी येत मधोमध टोकाला मिळते. माशाचं तोंड म्हणा, नाहीतर होडीची नाळ. मंदिर अगदी पात्रालगत. पावसाळ्यात नदी अंगावर येणार, हे बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भिंत सपाट असती, तर लोंढ्याचा सगळा भार छातीवर बसला असता. या टोकावर तो फाटतो आणि दोन बाजूंनी निघून जातो. पाण्याशी झुंजायचं कशाला? वाट करून द्यावी! अडीचशेहून जास्त पावसाळे हा हिशेब चुकलेला नाही.

(पावसाळा. बुडालेल्या पायऱ्या, तांबडं पाणी भिंतीला भिडताना.)

धोम धरणातून विसर्ग वाढला की आजही पाणी मंदिरात शिरतं. ओसरल्यावर गाळ उपसायचा, गाभारा धुवायचा, पूजा सुरू.

(मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्याखालचा घाट. घंटा.)

थोडं वर मेणवली. ही घंटा वसईच्या चर्चमधली. १७३९ च्या मोहिमेतून आलेली. घाट मात्र तुम्ही आधी पाहिलेला असेल, हिंदी सिनेमात.

(पात्रातला हिरवा थर.)

याच पात्रात आता सांडपाणीही उतरतं, उन्हाळ्यात जलपर्णी साचते.

(कृष्णाबाईचा उत्सव. मांडव, पालखी, पंगत.)

अफझलखानाचं संकट टळावं म्हणून नदीलाच नवस बोलला गेला, आणि तो फेडण्यासाठी हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. प्रत्येक घाटाची कृष्णाबाई वेगळी, मांडव वेगळा, दिवस वेगळे. कीर्तन आणि प्रसाद मात्र सगळीकडे. कुठल्या घाटाची पंगत सरस, हा वाद आम्ही चित्रीकरणात घेतलेला नाही.

(पालखी पायऱ्या चढते.)

इथली पालखी उठली. आता पुढच्या घाटाची पाळी.