फ्लाय बदलू नका, ढील द्या! मेफ्लाय हॅच आणि नखरेल ट्राउट

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? मागचा पसारा बघू नका, कालच बॅग उपसलीये, वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची छातीपर्यंतची पँट, अजून गॅलरीत वाळतायत आणि शेजारच्या काकूंना वाटतंय मी रेनकोटचा धंदा सुरू केलाय.

तर विषय. मार्च लागला, हिमाचलचा ट्राउट सीझन उघडला की मेसेज सुरू होतात, आणि सगळ्यांचा मेसेज एकच असतो. "ताई, समोर माशा निघतायत, ट्राउट टपाटप वर येतायत, आणि माझ्या फ्लायला कोणी विचारत नाही, कोणती फ्लाय घेऊ?" फ्लाय म्हणजे हुकावर पिसं-दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. एका दादांनी तर फ्लाय बॉक्सचा फोटो पाठवला, आणि एवढा भरलेला डबा मी दुकानात पण बघितला नाहीये. दादा, तुमच्याकडे सगळं आहे. फ्लाय घेऊ नका. आजचा व्हिडिओ तेवढ्यासाठीच आहे.

पण त्याआधी तो दुसरा प्रश्न, कारण नाही सांगितलं तर खाली परत वीस जण विचारणार. "आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणात ट्राउट मिळेल का?" नाही मिळणार हो. ट्राउट थंड पाण्याचा मासा, साधारण १० ते १६ डिग्रीत खूश, पाणी २० च्या वर गेलं की त्याचा जीव घाबरा होतो, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये हवाच ४० ला टेकते. महाराष्ट्रात ट्राउट नाही. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल, दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नार, अशा थंड डोंगराळ भागातच. तेही मूळचे इथले नाहीत, ब्राउन ट्राउट इंग्रजांनी आणला, १९०० च्या सुमारास आधी काश्मीरमध्ये, मग १९०९ च्या आसपास कुल्लूकडे. मी जाते ती तीर्थन नदी, मंडीकडून येताना औट बोगद्याच्या अलीकडे बंजारचा रस्ता फुटतो, तिकडे आत. लायसन्स मत्स्य विभागाकडून काढायचं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते कारण तेव्हा ब्राउन ट्राउट अंडी घालतो. बंदीत जाऊ नका, "कोण बघतंय" असली कमेंट दिसली की मी डिलीट करते.

सामान पटकन. ९ फुटी रॉड, ४ किंवा ५ वेट (लाइनच्या वजनाचा नंबर), तरंगणारी म्हणजे फ्लोटिंग लाइन, तिच्या पुढे ९ फुटी लीडर म्हणजे निमुळती पारदर्शक दोरी, आणि फ्लाय बांधायला शेवटचा बारीक तुकडा, ५एक्स टिपेट. एक्सचा हिशोब सोपा, ११ मधून तो आकडा वजा करा, उरेल तितके हजारांश इंच जाडी, म्हणजे ५एक्स म्हणजे ६ हजारांश, सुमारे ०.१५ मिलिमीटर. हुकाचा नंबर वाढला की हुक लहान, १४ ते १८ पुरे. फ्लाय: फेझंट टेल निम्फ, पॅराशूट ॲडम्स, एखादी ब्लू-विंग्ड ऑलिव्ह. हे सगळं जुन्या व्हिडिओत आहे, परत नाही सांगत.

आता हॅच म्हणजे काय ते दोन मिनिटं, कारण नंतरचं त्यावरच आहे. मेफ्लाय ही पाण्यात वाढणारी नाजूक माशी. तिचं पिल्लू, निम्फ, पाण्याखाली दगडांना चिकटून राहतं, बऱ्याच जातींत वर्षभर. तुम्हाला बघायचं असेल तर हिमाचलला जायची पण गरज नाही, पावसाळा ओसरल्यावर त्र्यंबककडच्या एखाद्या स्वच्छ ओढ्यात दगड हळूच उलटा करा, चपटा, मातकट रंगाचा, शेवटाला दोन किंवा तीन बारीक धागे असलेला किडा तिरका पळताना दिसेल, आणि पाण्यात नीट बघितलं तर पोटाच्या दोन्ही बाजूंचे कल्ले हलताना दिसतात. बघून झालं की दगड होता तसा ठेवा. जिथे गटाराचं पाणी येतं तिथे हे दिसत नाहीत, मेफ्लाय असणं ही पाणी चांगलं असल्याची खूण धरतात.

तर हे निम्फ वेळ झाली की वर येतं, पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरापाशी अडकतं, पाठ फाटते आणि आतून पंखवाली माशी निघते, तिला डन म्हणतात. अशा माशा एकदम भरपूर निघाल्या की तो हॅच. राखाडी, धुरकट पंख, पाठीवर उभे. पंख सुकेपर्यंत ती पाण्यावर नुसती वाहत जाते. हे लक्षात ठेवा, नुसती वाहत जाते. मग उडून झाडीत जाते आणि तिथे परत एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटक नाही. मग ती स्पिनर, काचेसारखे स्वच्छ पंख, तोंड कामाचं नाही म्हणजे खाणंपिणं बंद, जोडी जमवायची, अंडी घालायची आणि पंख पसरून पाण्यावर मरून पडायचं.

मार्चमध्ये पाणी बर्फासारखं असतं त्यामुळे पहाटे उठून काही उपयोग नाही, निवांत नाश्ता करा, हॅच बहुतेक दुपारी, आणि ढगाळ असेल तर जास्त चांगला. मेच्या आसपास वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं, गढूळ होतं, मग ही मजा संपते.

हं, आता मुद्दा. ड्रॅग.

माशी पाण्यावर नुसती वाहत जाते, बरोबर? आणि तुमची फ्लाय लाइनला बांधलेली आहे. लाइन पडलीये मधल्या जोरदार धारेवर, फ्लाय पडलीये पलीकडे दगडाच्या आडोशाला संथ पाण्यात. धार लाइनला खाली ओढते, लाइन फ्लायला ओढते, आणि फ्लाय बाजूच्या फेसापेक्षा जोरात पळायला लागते. झालं, हाच ड्रॅग. माशाने नाकारली ती फ्लाय नाही, तिचं हे पळणं नाकारलं. येवल्याच्या लोकांना हे सांगायलाच नको, संक्रांतीला आसारीवरून, म्हणजे मांजाच्या चक्रीवरून, ढील देताना पतंग कसा सैल सुटून वाऱ्याबरोबर जातो, आणि खेच धरली की लगेच कळतं की दोरीच्या टोकाला कोणीतरी उभं आहे. फ्लायला ढील हवी. तुम्ही सगळे खेच धरून बसलाय.

पटत नाही ना? मग माशाच्या बाजूने बघू. पाण्याखालून वर बघितलं की सगळं आभाळ दिसत नाही, प्रकाश वाकतो त्यामुळे डोक्यावर एक गोल खिडकी दिसते, आणि तिच्या बाहेर सगळा आरसा, ज्यात तळच परत दिसतो. खिडकी किती मोठी? मासा एक फूट खाली असेल तर साधारण सव्वादोन फूट रुंद. मासा वर सरकला की खिडकी अजून लहान. म्हणजे तुमची फ्लाय खिडकीत यायच्या आधी त्याला तिचा रंगबिंग काही दिसत नाही, आरशावर तिने पाडलेले खळगे तेवढे दिसतात. खऱ्या माशीचे पायांचे बारीक खळगे. आणि ड्रॅग लागलेल्या फ्लायची? मागे इंग्रजी व्ही काढत येणारी रेघ. तुम्ही डब्यातून ऑलिव्ह काढा, ग्रे काढा, क्रीम काढा, त्याला रंग दिसायच्या आधीच रेघ दिसलीये.

तिसऱ्या बाजूने सांगते, मग तरी पटेल. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वर एक जागा आहे, मोठा धोंडा, त्याच्या मागे टेबलाएवढं संथ पाणी. एक बेंगळुरूचे सर तिथे पलीकडच्या काठावरून टाकत होते आणि मी दगडावर बसून चहा पीत होते. कास्ट एकदम सुंदर हो, माझ्यापेक्षा चांगली. फ्लाय पडायची, हातभर छान वाहायची, मग लाइनला पोट यायचं, म्हणजे मधे बाक, आणि फ्लाय सुळकन आडवी. ट्राउट दर वेळी वर यायचा, फ्लायच्या खाली नाक लावून तिच्याबरोबर मागे मागे जायचा, आणि ती आडवी झाली की शांतपणे खाली. सर फ्लाय बदलतायत. परत तेच. परत बदलतायत. मी शेवटी म्हटलं, सर तुम्ही ती फ्लाय राहू द्या, तुम्ही स्वतः बदला, धार ओलांडून त्या अलीकडच्या दगडापाशी या. ते आले, आता मधे धारच नाही, तीच फ्लाय, आणि घेतली त्याने. मासा वीतभरच होता पण सरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

म्हणून काय करायचं? पहिलं आणि सगळ्यात स्वस्त, जवळ जा. माशाच्या मागून, खालच्या अंगाने, वाकून. दुसरं, तीर्थनसारख्या धोंड्यांच्या नदीत लाइन पाण्यावर पडूच देऊ नका, रॉड उंच धरा, फक्त लीडरचा शेवट आणि फ्लाय पाण्यावर, आणि फ्लाय जशी खाली जाईल तसं रॉडचं टोक तिच्याबरोबर न्या. तिसरं, लांबून टाकावंच लागलं तर रीच कास्ट, म्हणजे लाइन हवेत असतानाच हात वरच्या धारेकडे न्यायचा, लाइन वरच्या अंगाला पडते आणि ढील आधीच मिळते. पडल्यावर पोट उचलून वर टाकणं, म्हणजे मेंड, ते पण चालतं पण बरेच जण त्यात फ्लायच उचलून हलवतात, मग कशाला केलं.

आणि ड्रॅग आहे की नाही हे ओळखायचं कसं, कारण लांबून तुम्हाला वाटतं छान वाहतेय. फ्लायच्या बाजूचा फेसाचा एक बुडबुडा पकडा नजरेने. दोघं बरोबर चालले तर ठीक. बुडबुडा मागे पडला किंवा फ्लाय मागे पडली तर ड्रॅग आहे. बस. यापलीकडे यंत्र नाही.

आता ते रील्सचं. हल्ली जो ट्रेंड आलाय ना, मागे सूर्यास्त, स्लो मोशन, साठ फूट लाइन हवेत वेटोळी घेतेय, खाली लाखो लाइक. बघायला मलाही आवडतं. पण साठ फूट लाइन म्हणजे वाटेत चार वेगळ्या वेगाच्या धारा, आणि प्रत्येक धार तुमच्या फ्लायला ओढणार. माझे बहुतेक मासे पंधरा-वीस फुटांत लागतात. त्याचं रील होत नाही, मान्य आहे.

कमेंट आहे, "ताई पण माशी फडफडते ना, मग फ्लाय हलवली तर काय बिघडलं?" चांगला प्रश्न आहे. फडफडत, पाण्यावरून पळत जाते ती बहुतेक कॅडिस, ही वेगळी पाणमाशी, तिचे पंख पाठीवर उतरत्या छपरासारखे मिटलेले असतात. तिची फ्लाय मुद्दाम ओढतात लोक, चालतं. मेफ्लायचे पंख उभे. आधी माशी ओळखा, मग वाद घाला.

ड्रॅग गेला आणि तरीही घेत नाही, तर मग फ्लायचा विचार करा, तोही रंगाचा नाही, उंचीचा. मासा वर येताना नाक दिसलं आणि मागे बुडबुडा राहिला तर तो वरची डन खातोय. नुसती पाठ आणि शेपूट दिसली, नाक नाही, तर तो पाण्याच्या थराखाली, कात फाडत असलेली माशी खातोय. अशा वेळी उंच तरंगणारी फ्लाय त्याच्या कामाची नाही. पॅराशूट ॲडम्सच चालेल, फक्त वरच्या पिसांना फ्लोटंट, म्हणजे तरंगवायचं मलम, लावा आणि मागचा भाग ओला सोडा, म्हणजे अर्धी पाण्यात लटकते.

सराव कुठे करायचा, तर मी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर करते, सकाळी लवकर, हुकाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. हुक बांधू नका, जॉगिंगवाले असतात. कास्टिंग तिथे होईल, पण ड्रॅग मैदानावर शिकता येत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं. पावसाळ्यानंतर एखाद्या सुरक्षित, उथळ ओढ्यावर तीच लोकर घेऊन जा आणि फेसाबरोबर वाहते का बघा, मासा नसला तरी अर्धं काम तिथेच होतं. आणि टिपेटचे तुकडे खिशात ठेवा, पाण्यात टाकू नका, नायलॉन मांजाने पक्ष्यांचं काय होतं ते आपण दर जानेवारीत बघतोच.

"ताई एकट्या जाता का, घरचे सोडतात का?" या कमेंटला मी उत्तर देणार नाहीये. आईचा प्रश्न त्याहून अवघड असतो, "सोडूनच द्यायचा तर एवढ्या लांब जाऊन धरता कशाला?" याला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही, पण सोडायचाच असेल तर नीट सोडा एवढं कळतं. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, हात आधी ओला करा, मासा पाण्यातच ठेवून हुक काढा, आणि तोंड धारेकडे करून धरा, तो स्वतः निघेपर्यंत. फोटोसाठी दगडावर ठेवू नका राव.

एक काम करा आता. कोणी एप्रिलमध्ये जाणार असेल तर मला माशाचा फोटो पाठवू नका. मित्राला काठावर उभं करा आणि फ्लाय पडल्यापासून उचलेपर्यंतचा व्हिडिओ घ्यायला सांगा, लाइन आणि फेस दोन्ही दिसले पाहिजेत. टॅग करा, त्यातले काही पुढच्या व्हिडिओत थांबवून थांबवून बघू. आणि त्या भरलेल्या डब्यावाल्या दादांचा सगळ्यात आधी.