टक्क्यांच्या आधी तारीख: फ्रान्समधली घराची ऊर्जा-सवलत

(पॅरिस परिसरातल्या मराठी मंडळींसमोर एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'यंदाच्या फॉर्ममध्ये सवलत कशी मागावी'. त्यावर बोलणारच आहे, पण आधी माझं एक गाऱ्हाणं ऐकून घ्या. घरात इन्सुलेशन करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती टक्के परत मिळतात?" अहो, तो दुसरा प्रश्न! आधी विचारायचं, "कुठली तारीख धरतात?" साखरपुड्यालासुद्धा मुहूर्त काढणारी आपण माणसं, आणि वीस हजार युरोंच्या कामाला पंचांग उघडत नाही.

खिडक्यांचंच घ्या. 'सीत' नावाचं ऊर्जा-बचतीच्या कामांचं कर-क्रेडिट, म्हणजे करातून वजा होणारी आणि कर कमी असेल तर परत मिळणारी रक्कम, सप्टेंबर २०१४ पासून होतं. दर ३० टक्के. पाच वर्षांत मिळून खर्चाची मर्यादा एकट्याला ८,००० युरो, जोडप्याला १६,०००, अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे आणखी ४००. २०१७ पर्यंत खिडक्यांनाही हेच ३० टक्के. २०१८ उजाडलं आणि दर १५ वर आला, तोही जुनी एकेरी काच काढून नवी खिडकी बसवली तरच. जुलै २०१८ पासून शून्य. २०१९ मध्ये खिडकी परत आली: १५ टक्के, पण एका खिडकीमागे १०० युरोंच्या आत. २०२० मध्ये मधल्या उत्पन्नगटाला खिडकीमागे ४० युरो ठोक. खिडकी तीच, काच तीच, भिंतही तीच. (हसू नका, ज्यांनी त्या काळात घर घेतलं ते मागच्या रांगेत गप्प बसलेत.)

आता गंमत ऐका. सीतच्या नियमात खर्चाची तारीख म्हणजे कंत्राटदाराला शेवटची रक्कम देऊन बिल चुकतं केल्याची तारीख. कोटेशनवर सही करताना दिलेला अ‍ॅडव्हान्स पैसे दिल्यात जमा नाही. डिसेंबरात ४० टक्के आणि जानेवारीत उरलेले दिले, तर सगळा खर्च पुढच्या वर्षाचा. इथवर ठीक. पण २०१८ मध्ये दर पडला तेव्हा सूट कोणाला दिली? ज्यांनी ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत कोटेशन स्वीकारून अ‍ॅडव्हान्स दिला होता त्यांना! त्यांचे ३० टक्के शाबूत. म्हणजे वर्ष ठरवताना ज्या अ‍ॅडव्हान्सला कोणी विचारत नाही, तोच दर ठरवताना राजा. म्हणून बँकेतून अ‍ॅडव्हान्स गेल्याचा कागद आणि सही-तारखेचं कोटेशन एकाच फायलीत ठेवा, हे मी सांगत असतो आणि लोक माना डोलावतात.

बिलाचंही तेच. कारागिराकडे 'आरजीई', म्हणजे ऊर्जा-बचतीची कामं करण्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र हवं, आणि ते काम झालं त्या दिवशी चालू असायला हवं. २०१६ पासून कोटेशनआधीच्या पाहणीची तारीखही बिलावर लागायची. छपराखालच्या रिकाम्या पोटमाळ्याला औष्णिक रोध, म्हणजे 'आर', किमान ७. बाहेरच्या भिंतीला ३.७. आकडा बिलावर नसेल तर तपासणीत क्रेडिट गेलंच. "चांगली ग्लासवूल घातली" एवढं लिहिलेलं बिल करखात्याला वाचता येत नाही. मजुरी साधारणपणे धरली जात नसे. भिंती-छपराच्या इन्सुलेशनला मात्र धरायचे. शिवाय आधी मिळालेलं अनुदान वजा करून उरलेल्या रकमेवर टक्के.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? बरं, पाच.

तर यंदाचं. सीत २०२० अखेर संपलं. त्याच्या जागी आलं 'मा प्रीम रेनोव्ह', जे जानेवारी २०२० मध्ये सुरू झालं. हे थेट अनुदान आहे, आयकराच्या फॉर्ममध्ये मागायचं नाही आणि त्यावर करही नाही. घर साधारण १५ वर्षं जुनं हवं. काम सुरू करण्याआधी अर्ज करा आणि पोच येईपर्यंत कुदळ मारू नका. वीज-गॅस कंपन्यांकडून ऊर्जा वाचवल्याबद्दल मिळणारा 'सीईई' बोनस तर कोटेशनवर सही करण्याआधीच ठरवावा लागतो. सही झाल्यावर धावणं म्हणजे वरातीमागून घोडं. इन्सुलेशनच्या कामाला व्हॅट ५.५ टक्के, घर दोन वर्षांहून जुनं हवं. गॅस बॉयलरला मात्र १ मार्च २०२५ पासून २० टक्के.

घराच्या ऊर्जेसंबंधी कर-क्रेडिट उरलं होतं ते विजेच्या गाडीच्या चार्जरचं. ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच्या खर्चाला होतं. खर्चाच्या ७५ टक्के, एका चार्जरमागे जास्तीत जास्त ५०० युरो. २०२३ च्या खर्चाला ही मर्यादा ३०० होती. २०२४ पासून चार्जर 'पिलोताब्ल', म्हणजे चार्जिंगची वेळ आणि ताकद नियंत्रित करता येणारा लागायचा. भाडेकरूलाही मिळायचं. चार्जर पुरवणारी आणि बसवणारी कंपनीच लागायची; दुकानातून स्वतः आणून मेहुण्याकडून बसवलात तर काही मिळत नसे. ३.७ किलोवॉटच्या वर असेल तर विद्युततंत्री 'आयआरव्हीई', म्हणजे गाड्यांचे चार्जर बसवण्याच्या पात्रतेचा लागतो.

ऑनलाइन फॉर्ममध्ये सुरुवातीच्या यादीत 'रेदुक्सिओं ए क्रेदी दाँपो' (कर-कपात आणि कर-क्रेडिट) या चौकटीवर खूण करा, नाहीतर '२०४२ आरआयसीआय' या कर-सवलतींच्या जोड-फॉर्मचं पान उघडतच नाही आणि लोक म्हणतात, "रकानाच नाही." बिल जोडायचं नाही, जपून ठेवायचं. करखातं काही क्रेडिटांचे ६० टक्के जानेवारीत आगाऊ देतं, त्यात हे चार्जरचं क्रेडिट येत नाही. उन्हाळ्यातल्या हिशेबातच मिळतं, आणि कर शून्य असला तरी खात्यात जमा होतं.

रकाना भरायचा राहिला तर ऑगस्ट ते डिसेंबर ऑनलाइन दुरुस्ती करता येते. ती खिडकीही बंद झाली, तर २०२४ च्या खर्चासाठी लेखी दावा ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत. ज्यांचा २०२३ चा चार्जर राहून गेलाय त्यांना २०२६ अखेरपर्यंतची मुदत. तीनशेच्या हिशेबाने.