मोटर घरून चालू झाली, पण पाणी किती द्यायचं?

राम राम मंडळी. आज मला बोलायचंय ते गावातल्या पोरापोरींशी, जे बारावी, ग्रॅज्युएशन करून बसलेत अन् घरचे म्हणतेत शेतीत काय ठेवलंय, पुण्याला जा.

मी परभणी जिल्ह्यातला, सहा एकर कोरडवाहू अन् एक विहीर. आमचे वडील रात्रीची लाईट आली की दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचे, पावसाळ्यात बांधावर साप, अन् आई जागीच, ते परत येईपर्यंत तिला झोप नाही. मी पहिलं काम काय केलं तर मोबाईलवरचा स्टार्टर बसवला, त्यात सिमकार्ड असतं, घरून फोन लावला की मोटर चालू, अन् एखादा फेज गेला किंवा विहिरीतलं पाणी तुटलं की मोटर आपोआप बंद. त्या रात्री वडील सकाळपर्यंत झोपले.

पण मोटर चालू करणं सोपं झालं म्हणून पाणी जास्त द्यायचं नसतं, हे मला ठिबकनं शिकवलं. ताशी चार लिटरचा ड्रीपर असला तर दोन तासात त्याच्यातून आठ लिटर पडतं, हा हिशोब पोरांनी करावा, वडलांना अंदाजावर सवय असते. पहिल्या वर्षी मी फिल्टर धुतलाच नाही, ड्रीपर गाळानं बसले, अन् कापसाच्या शेवटच्या ओळीतली झाडं माझ्या डोळ्यादेखत माना टाकून उभी होती, बोंडं भरायच्या टायमाला. आता दर दोन दिवसाला फिल्टर उघडतो, लॅटरलचं, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळीचं, टोक सोडून गढूळ पाणी काढतो.

सोयाबीनला बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी. वरंब्यावर चार ओळी, दोन्हीकडं सरी. पाऊस लई झाला की पाणी सरीतून निघून जातं, खंड पडला की वरंब्यात ओल टिकती, अन् बियाणंही एकरी तीसच्या जागी बावीस किलोच्या आसपास लागतं. आपल्या भागात एकाच हंगामात दोन्ही तऱ्हा होतेत, म्हणून अशी पेरणी करणारं बीबीएफ यंत्र मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

ड्रोनचं पण बोलतो. 2017 ला यवतमाळकडं फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते ऐकल्यापासून पाठीवरचा पंप बघितला की मला भीती वाटते. ड्रोन दहा लिटर पाण्यात एकराची फवारणी दहा मिनिटाच्या आत करतं अन् माणूस बांधावर लांब राहतो. चालवायला दहावी पास, अठरा वर्षं पूर्ण अन् ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं. पोरींनो, बचत गटाला ड्रोन घ्यायला सरकारच्या ड्रोन दीदी योजनेतून 80 टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त आठ लाख, आईच्या गटात हा विषय काढा.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 ची, दरवर्षी त्या तारखेला तिथं खरीप मेळावा भरत असतो, बियाणंही मिळतं. या वर्षी वडलांना गाडीवर मागं बसवून घेऊन या, अन् बीबीएफ यंत्रापाशी थांबून त्यांना स्वतः विचारू द्या.