मकॉन्डो: बुच बसेपर्यंतचे ८७ दिवस

पडद्यावर दिसतायत ते समुद्रतळावरून उसळणारे तेलाचे लोट. मेक्सिकोचं आखात, मे २०१०. हे चित्रण तेव्हा जगभर थेट दिसत होतं.

२० एप्रिलच्या रात्री लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर 'डीपवॉटर होरायझन' या समुद्रात तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि बीपी कंपनीची मकॉन्डो विहीर मोकाट सुटली. विहिरीच्या तोंडावर ब्लोआउट प्रिव्हेंटर बसवलेला होता. अशा वेळी पाइप कापून विहीर बंद करणं हेच त्याचं काम. नेमकं तेच त्याला जमलं नाही.

हे तोंड दीड किलोमीटर खोल. पाण्यात उतरणारा माणूस तिथवर पोहोचत नाही. सगळी कामं वर जहाजावर बसून, यंत्रांच्या हातांनी.

आधी एक अवाढव्य पोलादी घुमट खाली सोडला. गार पाण्यात वायूचा बर्फासारखा थर धरला आणि घुमटाचं तोंडच चोंदलं. मग 'टॉप किल'. जड मड, म्हणजे विहीर खणताना वापरतात तो दाट चिखल, जोरानं आत दाबायचा आणि तेल मागे रेटायचं. फटी बुजवायला रबराचे तुकडे आणि गोल्फचे चेंडू. हो, गोल्फचेच! तीन दिवस खटपट चालली, पण तेल हटेना.

हटणार कसं? गळतीचा जाहीर आकडा होता दिवसाला ५,००० पिंपांचा. नंतरचा सरकारी अंदाज सांगतो, सुरुवातीला रोज ६२,००० पिंपं बाहेर पडत होती. आणि कायद्यानं दंड बसतो तो पिंपामागे, हेही जाता जाता सांगायला हवं.

१५ जुलैला विहिरीच्या तोंडावर बसवलेल्या नव्या झाकणाचे व्हॉल्व्ह बंद झाले. तेल थांबलं, पण दाब अपेक्षेपेक्षा कमी भरला. विहीर आतून फुटलीय का? तेल खडकात मुरत असेल, तर उद्या समुद्रतळच फाटेल. झाकण पुन्हा उघडायची वेळ आली होती. दाबाच्या आलेखाचा मोबाइलवर काढलेला फोटो कॅलिफोर्नियात पॉल शेह या भूजलशास्त्रज्ञाकडे गेला. त्यांनी रात्रभर बसून गणित मांडलं: विहीर शाबूत आहे, इतकं तेल वाहून गेल्यावर दाब एवढाच भरणार. झाकण बंदच राहिलं.

ऑगस्टमध्ये वरून मड आणि सिमेंट भरलं. सप्टेंबरात शेजारून तिरकी खणत आणलेली दुसरी विहीर तळाशी येऊन भिडली, तिथूनही सिमेंट गेलं. १९ सप्टेंबरला मकॉन्डो कायमची बंद झाल्याचं जाहीर झालं.

२०१२ मध्ये बीपीनं गुन्हा कबूल केला. त्यातलं एक कलम होतं, गळतीच्या आकड्यांबाबत अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, दिशाभूल केल्याचं.