बावटा, दिवा आणि वायरलेस: नौदलातला सिग्नलमन

[दृश्य: सिग्नल डेक. बावट्यांचे खण.]

सव्वीस अक्षरांचे 26, आकड्यांचे 10, तीन 'बदली' आणि एक उत्तराचा. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेचा हा 40 बावट्यांचा संच. नौदलाचे स्वतःचे बावटे याशिवाय वेगळे, पण शिकणाऱ्याचा हात आधी या चाळिसांवर बसतो. हुकूम कानावर पडला की शोधाशोध करायला सवड नसते. कुठल्या खणात कोणता बावटा, हे बोटांना पाठ लागतं.

[दृश्य: दोन कड्या, अगदी जवळून.]

बावट्याच्या वर-खाली धातूची कडी असते, एका बाजूला फट असलेली. दोन कड्या एकमेकींना आडव्या धरायच्या आणि फटीतून सरकवायच्या. एवढंच काम, पण ते ओल्या हातांनी, वाऱ्यात आणि डोलणाऱ्या डेकवर करायचं. गडबड होते ती इथेच. घाईत बावटा उलटा लागतो, नाहीतर दोरीचं टोक निसटतं आणि थेट वर आडकाठीला जाऊन बसतं. मग कुणाला तरी डोलकाठीवर चढावं लागतं आणि तेवढा वेळ ती दोरी निकामी.

वाचायचं वरून खाली. 1100 कळवायचं आहे आणि एका संचात '1' एकच, '0' एकच. तेव्हा लागतात 1, पहिला बदली, 0, तिसरा बदली. पहिला बदली सगळ्यांत वरच्याची पुनरुक्ती करतो, तिसरा वरून तिसऱ्याची.

[दृश्य: समोरच्या जहाजावर लाल-पांढरा निमुळता बावटा चढतो.]

हा उत्तराचा. अर्ध्यावर थांबला म्हणजे 'तुमचे बावटे दिसले'. टोकाला गेला म्हणजे 'अर्थही कळला'. ताफा वळवायचा असेल, तर हुकमाचे बावटे झपकन खाली येतात तोच अंमलबजावणीचा क्षण. म्हणून उतरवणाराही चढवणाऱ्याइतकाच तरबेज हवा.

[दृश्य: चिल्का, मैदानावर धावणारी तुकडी.]

या कामाची वाट लवकर सुरू होते. अग्निवीर म्हणून भरती साडेसतरा ते एकवीस या वयात. एसएसआरला (सीनियर सेकंडरी रिक्रूट) गणित-भौतिकशास्त्रासह बारावी, एमआरला (मॅट्रिक रिक्रूट) दहावी. धावण्याच्या चाचणीत मुलांना 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटांत, मुलींना आठ. मग ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर 16 आठवडे. इथून 28 मार्च 2023 रोजी बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत 273 मुली होत्या. कम्युनिकेशन शाखा मिळाली की पुढची शाळा कोचीची, सिग्नल स्कूल.

[दृश्य: कुलाबा, नाविक उठावाचं स्मारक.]

स्वातंत्र्यापूर्वी ही शाळा मुंबईत, कुलाब्याच्या 'तलवार' तळावर होती. 18 फेब्रुवारी 1946 रोजी नाविकांचा उठाव याच तळावर पेटला. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान सिग्नलमन, उपाध्यक्ष मदन सिंग टेलिग्राफिस्ट. ऐन तारुण्यातल्या या पोरांच्या हातात वायरलेस होता, म्हणूनच बातमी बंदराबंदरांतल्या जहाजांवर इतक्या झपाट्याने पोचली. 23 तारखेला उठाव थांबला आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

[दृश्य: संध्याकाळ. दिव्याच्या पट्ट्या उघडतात, मिटतात.]

वायरलेस वापरला की शत्रूला आपली दिशा सापडू शकते. दिव्याचा झोत मात्र ज्याच्यावर रोखला त्यालाच नीट दिसतो. दिवा सतत पेटलेला असतो. खटक्याने उघड-मीट होते ती पुढच्या पट्ट्यांची. संदेश जातो मोर्स संहितेत: आखूड झोत म्हणजे डॉट, लांब म्हणजे डॅश. डॅश तीन डॉटांइतका लांब. दोन अक्षरांत तीन डॉटांचा विराम, दोन शब्दांत सातांचा. नवशिका चुकतो तो विरामात. 'ई' म्हणजे एक डॉट, 'टी' म्हणजे एक डॅश. मधला विराम खाल्ला की दोन्ही मिळून 'ए' होतो आणि वाचणारा भलताच शब्द लिहून घेतो. त्यातून जहाज डोललं की झोत सरकतो. म्हणून एक हात खटक्यावर, दुसरा दिव्याच्या रोखावर. वेग वाढवण्याआधी लय बसवावी, हाच खरा क्रम.

[दृश्य: रेडिओ कक्ष, हेडफोन.]

एचएफ, म्हणजे उच्च वारंवारता, 3 ते 30 मेगाहर्ट्झ. लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात आणि क्षितिजापलीकडे पोचतात. दिवसा खालच्या वारंवारता वातावरणातच शोषल्या जातात. रात्री वरच्या वारंवारता आरपार अवकाशात निघून जातात. म्हणून दिवसा वरची, रात्री खालची. सूर्यास्ताला ज्याने वारंवारता बदलली नाही, त्याच्या कानात नुसती खरखर.

[दृश्य: संदेशाचा कागद. 181430 झेड.]

18 तारीख, 14 वाजून 30 मिनिटं, आणि झेड म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे आठ. शेवटचं अक्षर गाळलं तर साडेपाच तासांचा घोळ, आणि भेटीच्या ठिकाणी दोनांपैकी एकच जहाज.

2013 पासून जीसॅट-7 हा उपग्रह नौदलाच्या दिमतीला आहे. पाण्याखालच्या पाणबुड्यांसाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मनचं अतिनिम्न वारंवारतेचं केंद्र आहे. त्या लहरी समुद्रात काही मीटर खोल शिरतात, पण संदेश फार सावकाश जातो. त्यामुळे मजकूर आखूड ठेवावा लागतो.

[दृश्य: बाहीवरच्या पदचिन्हांची रांग.]

चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात. त्यांच्यापुढे लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, मास्टर चीफ अशी चढण. बाकीच्यांपैकी ज्यांना व्यापारी जहाजांवर रेडिओ सांभाळायचा आहे, त्यांनी जीएमडीएसएसच्या (समुद्रातल्या संकटसंदेशांची जागतिक यंत्रणा) प्रमाणपत्राची तयारी सेवेत असतानाच सुरू करावी.