काडतुसाच्या बुडाशी मीठ

मंडळी, आधी एक जुना आळ पुसून टाकू. जुन्या लष्करी काडतुसामुळे बंदुकीची नळी गंजली, की लोक संशयानं दारूकडे बघतात. दारू बिचारी निर्दोष असते. खोट असते ती बुडाशी बसवलेल्या, ठिणगी पाडून दारू पेटवणाऱ्या चिमुकल्या टोपीत, म्हणजे प्राइमरमध्ये. तिच्यातल्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असलं, तर ते पेटल्यावर ऑक्सिजन सोडतं आणि मागे पोटॅशियम क्लोराइड ठेवून जातं. हे आपल्या जेवणातल्या मिठाचं चुलत भावंड. नळीतल्या आट्यांच्या खोबणीत ते जाऊन बसतं. हवा कोरडी असेल तोवर निमूट असतं. दमट झाली की ओलावा धरतं आणि पोलाद खायला लागतं.

गंमत अशी, की काळ्या दारूच्या जमान्यात ही तक्रार फारशी ऐकू येत नव्हती. काळी दारू इतकी घाण करायची की नळी पाण्यानं धुण्यावाचून गत्यंतर नसे, आणि त्या धुण्यात टोपीचं मीठही नकळत निघून जाई. १८८६ मध्ये फ्रान्सनं लेबेल रायफलीबरोबर बिनधुराची दारू आणली. मग नळ्या दिसायला स्वच्छ राहू लागल्या, लोकांनी पाणी सोडून तेल धरलं, आणि तेलाच्या थराखाली गंज चढू लागला. आता तेलात मीठ विरघळत नाही, हे स्वयंपाकघरातलं ज्ञान. पण त्या काळी शहाणी माणसंसुद्धा म्हणायची, नव्या दारूचं आम्ल पोलादात मुरतं आणि नळीला नंतर घाम फुटतो! पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी याचा छडा लावला आणि दोष टोपीतल्या मिठावर आला. जर्मनीत १९२८ च्या आसपास ‘सिनॉक्सिड’ ही क्लोरेट नसलेली टोपी बाजारात आली. अमेरिकेत रेमिंग्टननं ‘क्लीनबोअर’ त्याच सुमारास आणलं होतं.

मग सैन्यांनी लगेच बदल का केला नाही? कारण क्लोरेटची टोपी वर्षानुवर्षं कोठारात पडली तरी दगा देत नाही, असा त्यांचा अनुभव होता. रायफल रोज साफ करायला शिपाई होताच. याचा उत्तम पुरावा दुसऱ्या महायुद्धातच आहे. अमेरिकेनं एम-१ कार्बाइनची काडतुसं न गंजवणाऱ्या टोपीची बनवली, कारण तिचा गॅस पिस्टन, म्हणजे दारूच्या वायूच्या जोरावर यंत्रणा मागे ढकलणारा दट्ट्या, शिपायानं उघडून साफ करावा अशी सोयच नव्हती. आणि त्याच वेळी गरँड रायफलीचं .३०-०६ काडतूस मात्र क्लोरेटवरच चाललं होतं. म्हणजे ज्ञान होतं, मालही होता. निवड जाणूनबुजून केलेली होती.

आता ओळखायचं कसं? नुसतं बघून ओळखता येत नाही, हे आधी मान्य करा. टोपीभोवतीचा लाल किंवा हिरवा रंग हा ओलावा आत जाऊ नये म्हणून लावलेला लेप असतो. ‘बर्डन टोपी म्हणजे गंजवणारी, बॉक्सर म्हणजे सुरक्षित’ हा नियम तर मी दर चार माणसांमागे एकाकडून ऐकतो. बर्डनमध्ये ठिणगी आत जायला सहसा दोन भोकं, बॉक्सरमध्ये मधोमध एक. फरक एवढाच, रसायनाचा त्याच्याशी संबंध नाही. महायुद्धातलं .३०-०६ बॉक्सर आहे आणि गंजवतं. स्वित्झर्लंडचं जीपी-११ हे लष्करी काडतूस बर्डन आहे आणि गंजवत नाही.

खरी मदत होते ती बुडावरच्या शिक्क्याची: कारखाना आणि साल. अमेरिकी .३०-०६ मध्ये बदल १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात झाला, पण प्रत्येक कारखान्यात वेगळ्या वेळी. त्यामुळे सीमेवरचं साल असेल तर मी त्यावर पैज लावत नाही. सोव्हिएत आणि युगोस्लाव्ह लष्करी माल, मग तो शीतयुद्धाच्या उत्तरार्धातला का असेना, गंजवणाराच धरावा. आणि सुटी, दुसऱ्या खोक्यात भरलेली काडतुसं असतील, तर खोक्यावरचं लेबल वाचूच नका. प्रत्येक बूड वाचा.

शंका उरलीच तर खिळ्याची परीक्षा. योग्य अवजारानं गोळी उपसायची, दारू काढून टाकायची, आणि नुसती टोपी असलेली पुंगळी रायफलीत घालून, तेल पुसलेल्या चकचकीत खिळ्यासमोर उडवायची. (टोकाला रंग असलेली गोळी उपसायच्या भानगडीत पडू नका, ती ट्रेसर, म्हणजे उजेडाची रेघ सोडत जाणारी, किंवा आग लावणारी असू शकते.) शेजारी तसाच एक कोरा खिळा ठेवायचा आणि दोन्ही काही दिवस दमट जागी सोडायचे. मी पहिल्या खेपेला कोरा खिळा ठेवलाच नव्हता. माझा एकुलता एक खिळा छान गंजला आणि मी एक अख्खा डबा बदनाम केला. पुढे कळलं, त्या हवेत काहीही गंजलं असतं! आणि हो, परीक्षा झाल्यावर रायफलही धुवा, मीठ तिच्यातही गेलेलं असतं.

धुवायचं कशानं, हा प्रश्न आत्ता मागून आला. अमोनियानं मीठ ‘मारलं’ जात नाही. काच पुसायच्या द्रवानं गुण येतो तो त्यातल्या पाण्यामुळे. साधं गरम पाणी भरपूर ओता, नळी तापली की लवकर सुकतेही. मग कोरड्या चिंध्या, आणि तेल सगळ्यात शेवटी. बोल्टचं, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या दांड्याचं, तोंड विसरू नका. गॅसवर चालणारी रायफल असेल तर पिस्टन आणि त्याचं नळकांडंही धुवायचं. सोव्हिएत कलाश्निकोव्हच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा असतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. मुलामा नसलेल्या भागांवर मीठ तसंच बसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी नळीतून पांढरी चिंधी पुन्हा एकदा फिरवा. ती तांबूस निघाली, तर पाणी परत तापवा.